आरोग्यविमा आणि इस्पितळाची खाट

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या कचेरीत एक सभासद आला. मालधक्क्यावर काम करणारा माथाडी, स्वभावाने अबोल. त्याच्या बायकोच्या पोटात महिनाभर दुखत होते. तिला घेऊन तो एका इस्पितळात गेला. सरकारी विमा योजनेचे कार्ड खिशात होते. तेथे खिडकीवर त्याला सांगण्यात आले की, नुसत्या तपासण्या करावयाच्या असतील तर पैसे भरावे लागतील. दोन दिवस दाखल व्हा, काहीतरी आजार लिहू, म्हणजे सगळे कार्डावर बसेल. ‘अण्णा,’ तो आम्हांस म्हणाला, ‘बाई चालतीबोलती आहे. सकाळी भाकऱ्या थापून आली. तिला खाटेवर कशापायी निजवायचं?’

आम्हांस उत्तर देता आले नाही. तीस वर्षे आम्ही पगाराच्या, बोनसच्या, निवृत्तीच्या वाटाघाटी करीत आलो. कारखान्याला पैसा कोठून येतो आणि तो कोणत्या हिशेबाने वाटला जातो, हे विचारल्याशिवाय मागणीपत्र लिहावयाचे नाही, हे आम्ही नव्या कार्यकर्त्यांना शिकवितो. परंतु इस्पितळाला पैसा कोण देते, कशाबद्दल देते आणि त्यामुळे इस्पितळ कसे वागते, हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नव्हता. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयात आणि संपाच्या मांडवात. तेव्हा पुन्हा वाचनालयाची पायरी चढलो. तेथे असे दिसून आले की, आमच्या माथाडी मित्राने विचारलेला प्रश्न पाऊणशे वर्षांपूर्वी कॅनडातल्या एका शेतकरी प्रांताने स्वतःच्या पैशाने सोडवून पाहिला होता. काही अंशी त्याला तो सुटला आणि काही अंशी फार महागात पडला. त्या प्रांताची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रांताचे नाव सस्कॅचेवान. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून थोडे अधिक आणि १९४६ साली लोकसंख्या अवघी सव्वाआठ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढीही नव्हे. सपाट माळ, गव्हाची शेते, आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस-चाळीस अंश उतरतो. अशा ठिकाणी डॉक्टर पन्नास मैलांवर असला तर तो नसल्यातच जमा. म्हणून तेथील गावांनी फार लवकर एक युक्ती काढली. दहा-वीस शेतकऱ्यांच्या वर्गणीने डॉक्टर टिकत नाही, तर गावपंचायतीनेच करातून त्याला पगार द्यावा. १९१५ च्या सुमारास हे सुरू झाले. पुढे १९१६ च्या कायद्याने चार-पाच पंचायतींनी मिळून एक इस्पितळ बांधावे आणि त्याचा खर्च जमिनीच्या करातून भागवावा, अशी सोय झाली. अशा इस्पितळांना तेथे ‘युनियन हॉस्पिटल’ म्हणत. हे नाव प्रथम वाचले तेव्हा आमची छाती फुगली होती. परंतु ही युनियन कामगारांची नसून पंचायतींची, हे पुढच्याच पानावर कळले. असो.

मग १९३० नंतरचे दशक आले. एकीकडे जागतिक मंदी, दुसरीकडे सलग अवर्षण. वाऱ्याबरोबर शेतातली माती उडून जात होती. १९२८ ते १९३३ या पाच वर्षांत प्रांताचे दरडोई उत्पन्न सुमारे ७२ टक्क्यांनी घसरले. डॉक्टरांना बिलापोटी कोंबड्या, बटाटे, सरपण घ्यावे लागे. इस्पितळांची अवस्था त्याहून वाईट होती. कारण इस्पितळ म्हणजे भट्टी. रोगी असो वा नसो, कोळसा, नर्सा, स्वयंपाकघर यांचा खर्च चालूच राहतो. रोगी बिल चुकवू शकत नाही, पंचायतीकडे कर जमा होत नाही, देणग्या आटल्या, अशी तिहेरी कोंडी झाली. आणि रोगी? तो दुखणे अंगावर काढी. अगदी असह्य झाल्यावर येई, तेव्हा त्याला वाचविणे अधिक खर्चाचे झालेले असे. खाटा रिकाम्या आणि घरोघर आजारी माणसे, हे दोन्ही एकाच गावात एकाच वेळी असू शकते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

१९४४ च्या जूनमध्ये तेथे निवडणूक झाली आणि को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन या शेतकरी-कामगारांच्या पक्षाने ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या. मुख्यमंत्री झाले टॉमी डग्लस, मूळचे स्कॉटलंडचे, व्यवसायाने धर्मोपदेशक. लहानपणी त्यांच्या पायाचे हाड कुजले होते. पाय कापावा लागेल असे ठरले होते. परंतु विनिपेग येथील एका शस्त्रवैद्याने, विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्याल तर फुकट करतो, असे सांगून तो वाचविला. डग्लस ही गोष्ट जन्मभर सांगत. आईबाप श्रीमंत असते तर पाय वाचावयास नशिबाची गरज पडली नसती, असा त्यांचा रोख असे. आरोग्यखाते त्यांनी स्वतःकडेच ठेवले. हेन्री सिगरिस्ट या वैद्यकाच्या इतिहासकाराला बोलावून प्रांताची पाहणी करविली, आणि १ जानेवारी १९४७ पासून इस्पितळ विमा सुरू केला. संपूर्ण प्रांतातील सर्वांसाठी असा विमा उत्तर अमेरिकेत हा पहिलाच.

योजना साधी होती. माणशी वर्षाला ५ डॉलर. कुटुंब कितीही मोठे असले तरी ३० डॉलरहून अधिक नाही. वसुली पंचायतींनी व नगरपालिकांनी करावयाची, कारण कर गोळा करण्याची सवय त्यांनाच होती. पलीकडच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९४९ साली अशीच योजना काढली, पण हप्ते गोळा करता करता सरकारच्या नाकी नऊ आले आणि शेवटी १९५४ साली हप्ता रद्द करून विक्रीकरातून खर्च भागवावा लागला. सस्कॅचेवानात मात्र वसुली झाली. मोबदल्यात सामान्य वॉर्डातील खाट, जेवण, शुश्रूषा, शस्त्रक्रियागृह, क्ष-किरण, नेहमीची औषधे हे सारे विम्यात आले, आणि दिवसांना मर्यादा नव्हती. डॉक्टरची फी मात्र विम्यात नव्हती. ती रोग्याने वेगळी द्यावयाची.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. त्याच सुमारास, ५ जुलै १९४८ रोजी, ब्रिटनने सुमारे २,७०० इस्पितळे राष्ट्राच्या मालकीची केली. सस्कॅचेवानने तसे काही केले नाही. पंचायतीचे इस्पितळ पंचायतीकडेच राहिले, जोगिणींच्या संस्थेने चालविलेले त्यांच्याकडेच राहिले. सरकारने मालकी घेतली नाही, फक्त बिल स्वतःकडे घेतले. तेव्हा विम्याचा इस्पितळावर होणारा परिणाम शुद्ध स्वरूपात पाहावयाचा असेल तर हेच ठिकाण योग्य. कारण येथे दुसरे फारसे काही बदलले नव्हते.

पहिला परिणाम तात्काळ झाला. इस्पितळाची बुडीत खाती संपली. दाराशी आलेला माणूस पैसे देईल की नाही, ही चौकशी करण्याचे कारणच उरले नाही, कारण प्रत्येक रोग्यामागे सरकारी खजिना उभा होता. ज्यांनी आपल्याकडे रात्री दोन वाजता ‘आधी डिपॉझिट भरा’ हे शब्द ऐकले असतील, त्यांना याचे मोल सांगावयास नको. आम्ही स्वतः एका सभासदाच्या प्रेतासाठी इस्पितळाच्या कचेरीत चार तास बसून वर्गणी जमा केली आहे. त्या इस्पितळाचे नाव येथे घेत नाही.

दुसरा परिणाम असा की, खाटा भरल्या. वर्षानुवर्षे लांबविलेली हर्नियाची, गर्भाशयाची, मुलांच्या टॉन्सिलची दुखणी पुढे आली. काही टीकाकारांनी आरडाओरडा केला की, फुकट मिळाले म्हणून लोक इस्पितळात लोळावयास जात आहेत. आमच्या मते यातले पुष्कळसे म्हणजे जुने थकलेले देणे होते. अवर्षणाच्या दशकात शरीरांवर चढलेले कर्ज आता फिटत होते. परंतु सगळेच तसे नव्हते, हे कबूल केले पाहिजे. उरलेल्याचे कारण लोकांच्या आळसात नव्हते, इस्पितळाच्या हिशेबात होते. ते सांगण्यासाठी जरा आमच्या धंद्याकडे वळावे लागेल.

मजुरी देण्याच्या तीन रीती प्रत्येक कामगाराला ठाऊक आहेत. एक रोजंदारी, एक नगावारी, आणि एक उक्ते. रोजंदारीवर दिवस भरण्याला महत्त्व येते. नगावारीवर हात भराभर चालतो, पण अवघड नग दुसऱ्याकडे ढकलण्याचा मोह होतो. उक्त्या कामात ठरलेल्या रकमेत जेवढे कमी खर्चेल तेवढे शिल्लक, म्हणून माल वाचविला जातो आणि कधी कधी सिमेंटही. माणसे तीच असतात. रीत बदलली की त्यांच्या कामाची चाल बदलते. यात कोणाची नियत वाईट असावी लागत नाही. इस्पितळालाही हाच नियम लागू आहे, एवढेच आम्हांस वाचनालयात समजले, आणि मग बाकीचे सारे उलगडत गेले.

सस्कॅचेवानने आरंभी इस्पितळांना रोजंदारी दिली. इस्पितळातील सोयी पाहून त्याचा दर ठरवावयाचा आणि रोगी जितके दिवस राहील तितक्या दिवसांचे पैसे द्यावयाचे. आता पाहा, रोग्याचा पहिला दिवस इस्पितळाला महाग पडतो. शस्त्रक्रिया, तपासण्या, रात्रीची जागरणे त्या दिवसांत असतात. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याला फक्त खाट आणि सूप लागते. पण दर दोन्ही दिवसांना सारखाच. मग बरा होत आलेला रोगी आणखी दोन दिवस राहिला तर इस्पितळाचे भलेच होते. आणि घर चाळीस मैलांवर, बाहेर बर्फ, अशा वेळी रोग्यालाही घाई नसते. डॉक्टरलाही ते सोयीचे. तिघांचेही भले होत असेल तर ती गोष्ट होणारच.

त्यात विमा फक्त खाटेचा होता. बाह्यरुग्ण म्हणून क्ष-किरण काढला तर खिशातून पैसे, दाखल होऊन काढला तर विम्यातून. आमच्या माथाडी मित्राच्या बायकोला खिडकीवर जे सांगितले गेले तेच तेथे पाऊणशे वर्षांपूर्वी घडत होते. खिडकीवरच्या कारकुनावर तेव्हा आम्ही संतापलो होतो. आता तो संताप थोडा निवळला आहे. ज्या गोष्टीचे पैसे मिळतात ती गोष्ट त्याने सुचविली. काहीतरी आजार लिहू, हे जे तो म्हणाला ते मात्र लबाडीचेच.

१९४८ पासून कॅनडाच्या केंद्र सरकारने नवी खाट बांधण्यास १,००० डॉलर अनुदान देऊ केले. खाट बांधावयास केंद्राचे पैसे, भरल्यावर चालवावयास विम्याचे पैसे. मग कोणते गाव मागे राहील? गव्हाच्या कोठारापाशी वसलेल्या लहान लहान गावांत आठ-दहा, पंधरा खाटांची इस्पितळे उभी राहिली. गावाला आगगाडीचे स्टेशन, शाळा आणि इस्पितळ असले की ते गाव. थोड्याच वर्षांत लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक खाटा असलेल्या प्रांतांत सस्कॅचेवानची गणना होऊ लागली. तेव्हा या गोष्टीचा सर्वांना अभिमान वाटला आणि तो खोटा नव्हता; ज्या बाईला बाळंतपणासाठी बैलगाडीतून नव्हे तर घसरगाडीतून बर्फावरून न्यावे लागे, तिला आता गावातच खाट मिळत होती.

सस्कॅचेवानचे पाहून १९५७ साली केंद्राने सर्व देशासाठी कायदा केला. १ जुलै १९५८ पासून पाच प्रांतांत आणि १ जानेवारी १९६१ रोजी क्वेबेक आल्यावर सगळ्या देशात इस्पितळ विमा लागू झाला. निम्म्याच्या आसपास खर्च केंद्र देऊ लागले. मात्र या कायद्यातून वेड्यांची इस्पितळे आणि क्षयाची आरोग्यधामे वगळलेली होती, वृद्धांची शुश्रूषागृहेही वगळलेली होती. याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. सस्कॅचेवानात वेबर्न येथे मनोरुग्णांचे प्रचंड इस्पितळ होते. तेथे ठेवलेल्या रोग्याचा सगळा खर्च प्रांताच्या माथी; तोच रोगी साध्या इस्पितळाच्या मनोविकार वॉर्डात ठेवला तर जवळजवळ निम्मा खर्च केंद्राचा. मनोरुग्णांना कोंडवाड्यातून बाहेर काढण्याची चळवळ त्या काळी नवीन औषधांमुळे व नव्या विचारांमुळे चाललीच होती, पण तिला या हिशेबाने बळ मिळाले. उलट एखाद्या म्हाताऱ्याला फक्त आधाराची व जेवणाची गरज असली, तरी त्याला शुश्रूषागृहात ठेवणे घरच्यांना महाग आणि इस्पितळात ठेवणे फुकट. तेव्हा तो इस्पितळातच राही. एक कलम चांगले करून गेले, दुसरे वाईट, आणि दोन्ही कलमे एकाच कायद्यातली.

आता इस्पितळातल्या कामगारांविषयी बोलू. ते बोलल्यावाचून आम्हांस चैन पडणार नाही. विम्यापूर्वी इस्पितळ गरीब, म्हणून नर्सा, आया, धोबी, स्वयंपाकी यांचे पगार कमी. किंबहुना पुष्कळ इस्पितळे शिकाऊ नर्सांच्या फुकट राबण्यावरच चालत. पगार मागितला की ‘रोग्यांकडून वसूल करू का?’ हे उत्तर तयार असे, आणि नर्स गप्प बसे. विमा आल्यावर हे उत्तर खोटे पडले. पगार हा आता मान्य खर्चाचा भाग झाला. इस्पितळांत संघटना वाढल्या. मात्र त्याबरोबर खरा मालकही बदलला. समोर बसतो इस्पितळाचा चिटणीस, पण तिजोरीची किल्ली प्रांताच्या राजधानीत, रिजायना येथे. १९९९ च्या एप्रिलात तेथील नर्सांनी संप केला, तेव्हा सरकारने काही तासांतच कायदा करून त्यांना कामावर जाण्याचा हुकूम दिला. नर्सांनी तो दहा दिवस मानला नाही. सार्वत्रिक विमा म्हणजे कामगारांचे राज्य असे समजणाऱ्या आमच्या काही मित्रांनी हे प्रकरण वाचावे.

डॉक्टरांचाही एक संप झाला. केंद्राचे पैसे मिळू लागल्यावर प्रांताचे जे पैसे वाचले त्यांतून डॉक्टरांच्या फीचाही विमा करावा असे डग्लस यांनी ठरविले. ते पुढे केंद्रीय राजकारणात गेले. योजना अमलात आणण्याचे काम त्यांच्या जागी आलेल्या वुड्रो लॉइड यांच्या वाट्याला आले. १ जुलै १९६२ ला योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. ठरावीक इस्पितळांत तातडीची सेवा तेवढी चालू होती. संपाच्या बाबतीत आम्हांस थोडा अनुभव आहे. त्यावरून सांगतो, इतकी सुसंघटित युनियन आम्हांस कधी बांधता आली नाही. तेवीस दिवसांनी, लॉर्ड टेलर या ब्रिटिश डॉक्टर-मुत्सद्द्याच्या मध्यस्थीने, तडजोड झाली. विमा राहिला, डॉक्टर पगारी नोकर न होता केलेल्या कामाच्या नगावारीने सरकारकडून फी घेऊ लागले.

या संपातली इस्पितळाची बाजू कमी लोकांना ठाऊक आहे. संपाच्या दिवसांत लोकांनी वर्गणी काढून सहकारी दवाखाने उघडले, ब्रिटनहून डॉक्टर आणविले. पण तेथे डॉक्टर हा इस्पितळाचा नोकर नसतो. आपला रोगी इस्पितळात दाखल करावयाची परवानगी त्याला इस्पितळाच्या मंडळाकडून घ्यावी लागते, आणि मंडळ तेथील जुन्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन ती देते. सहकारी दवाखान्यांच्या डॉक्टरांना ही परवानगी ठिकठिकाणी नाकारण्यात किंवा लांबविण्यात आली. रोगी विमा उतरविलेला, खाट विम्याची, इमारत करातून बांधलेली, आणि तरी दार बंद! प्रकरण इतके वाढले की १९६३ साली न्यायमूर्ती वुड्स यांची चौकशी नेमावी लागली. खाटेचे पैसे कोण देतो याबरोबरच त्या खाटेपर्यंत कोणाला जाऊ द्यावयाचे हे कोण ठरवितो, हेही पाहावे लागते.

१९६४ साली सरकार बदलले. नव्या सरकारने खर्च आवरण्यासाठी १९६८ साली रोग्यावर आकार बसविला. दवाखान्यात गेल्यास दर खेपेस दीड डॉलर, इस्पितळात दिवसाला अडीच डॉलर. म्हणणे असे की, लोकांना थोडा चटका बसला म्हणजे ते विनाकारण येणार नाहीत. बेक नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने याचा पुढे अभ्यास केला. डॉक्टरकडे जाणे एकंदरीत सहा-सात टक्क्यांनी कमी झाले, पण गरीब कुटुंबांत ते सुमारे अठरा टक्क्यांनी घटले. चटका ज्याच्या अंगाला लागावयाचा त्याच्याच लागला. १९७१ साली पुन्हा सरकार बदलले आणि हा आकार रद्द झाला. १९८४ च्या केंद्रीय आरोग्य कायद्याने तर असे आकार लावणाऱ्या प्रांताचे तेवढेच अनुदान कापावे असे ठरले.

मग खर्च कसा आवरावयाचा? उत्तर मिळाले ते उक्त्याचे. इस्पितळाला वर्षाची एक ठोक रक्कम द्यावयाची, आणि त्यात त्याने भागवावयाचे. आता हिशेब उलटा झाला. रोजंदारीच्या काळात आलेला रोगी म्हणजे उत्पन्न होते; उक्त्यात तोच रोगी खर्च झाला. खाट रिकामी राहिली तर पैसे वाचतात. शस्त्रक्रियेसाठी रांगा लागू लागल्या. गुडघा बदलण्यासाठी, मोतीबिंदूसाठी महिनोन् महिने थांबावे लागे. बिलाची भीती गेली होती, तिच्या जागी तारखेची वाट पाहणे आले. दोन्हींत दुसरे बरे, असे आमचे मत आहे. परंतु दुखणाऱ्या गुडघ्याला आमच्या मताचा उपयोग नाही. २०१० पासून प्रांताने चार वर्षांची खास मोहीम काढून, काही शस्त्रक्रिया सरकारी पैशाने खासगी शस्त्रक्रियागृहांत करवून, या रांगा पुष्कळ कमी केल्या. खासगी गृहांना काम देण्यास तेथील संघटनांचा विरोध होता. आम्ही तेथे असतो तर कोणत्या बाजूला बसलो असतो, हे खरोखरच सांगता येत नाही.

नगावारीची रीत अमेरिकेने १९८३ साली वृद्धांच्या विम्यात आणली; आजाराच्या प्रकाराप्रमाणे ठोक दर ठरविला. रोग्यांचे इस्पितळातले दिवस झपाट्याने कमी झाले, आणि पुरते बरे होण्याआधीच घरी पाठवितात अशी ओरडही सुरू झाली. आपल्याकडच्या योजनाही याच जातीच्या आहेत.

सस्कॅचेवानच्या लहान इस्पितळांचे पुढे काय झाले? शेती यंत्रावर गेली, खेडी ओस पडू लागली, रस्ते सुधारले. लोक मोठ्या शस्त्रक्रियेसाठी सरळ सॅस्कटून किंवा रिजायनाला जाऊ लागले. पन्नास वर्षांपूर्वी उत्साहाने बांधलेल्या खाटा आता तीन-चार म्हाताऱ्यांनी भरलेल्या दिसत. आणि १९९० च्या सुमारास प्रांत कर्जाने वाकला. १९९३ साली सरकारने ५२ लहान ग्रामीण इस्पितळांचे दाखल रोग्यांसाठीचे अनुदान बंद केले. बहुतेकांची आरोग्यकेंद्रे झाली. त्याच वेळी चारशेहून अधिक स्थानिक मंडळे मोडून तीस जिल्हामंडळे केली. ती पुढे बारा झाली आणि २०१७ च्या डिसेंबरात सबंध प्रांताला एकच. १९४७ साली सरकारने मालकी घेतली नव्हती खरी. परंतु सत्तर वर्षे बिल भरणारा शेवटी घरात येऊन बसला.

हे करणारे सरकार कोणाचे होते? डग्लस यांच्याच पक्षाचे, नाव तेवढे बदललेले. गावोगावी सभा झाल्या, माणसे रडली. इस्पितळ गेले की डॉक्टर जातो, डॉक्टर गेला की औषधाचे दुकान जाते, मग शाळा, मग गाव, असे लोक म्हणत. १९९९ साली प्रांताच्या आरोग्यसेवा संशोधन मंडळाने तपास केला. ज्या गावांची इस्पितळे गेली तेथील मृत्यूंचे प्रमाण वाढले नव्हते. इतर गावांप्रमाणे तेथेही ते घटलेच होते. बहुतेकांनी आपल्या प्रकृतीवर वाईट परिणाम झाला नाही असे सांगितले. मात्र काही गावांना तो धक्का पचविता आला नाही, हेही त्याच अहवालात आहे. या निष्कर्षाने आम्ही बरेच दिवस अस्वस्थ होतो. आम्ही उभ्या आयुष्यात बंद होणाऱ्या गोष्टी वाचविण्यासाठी भांडलो आहोत; आणि येथे कागद सांगतो की त्या खाटांवाचून फारसे अडले नाही. अडले ते रुग्णवाहिका उशिरा आली तेथे, आणि आरोग्यकेंद्रात डॉक्टर टिकला नाही तेथे.

आता आपल्या घराकडे येऊ. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ चा. १९५२ च्या फेब्रुवारीत तो कानपूर आणि दिल्लीत सुरू झाला. त्यात दवाखाना, औषध, इस्पितळ, आजारपणाची भरपाई असे सगळे आहे. कारभाराविषयी तक्रारी कितीही असोत, आणि आमच्या कचेरीतल्या कपाटाचा एक कप्पा त्यांनीच भरला आहे, तरी त्याची आखणी खाटेपुरती नाही. आजकालच्या मोठ्या योजनांची आखणी वेगळी आहे. महाराष्ट्राची जीवनदायी योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले; २०१८ साली केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली, तिच्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार. राज्याच्या योजनेत सर्व कुटुंबांना घेण्याचा निर्णय २०२३ साली झाला. हृदयाच्या शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार यांमुळे किती घरे वाचली, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण पैसे मिळतात ते मुख्यतः दाखल झालेल्या रोग्याचे आणि ठरलेल्या दराने. रोजच्या रक्तदाबाच्या गोळीचे, पहिल्या तपासणीचे, डॉक्टरने दहा मिनिटे बसून विचारपूस केल्याचे नाहीत. सस्कॅचेवानने १९४७ साली नेमकी येथूनच सुरुवात केली होती.

आमच्या माथाडी मित्राच्या बायकोला आम्ही दाखल करू दिले नाही. महापालिकेच्या इस्पितळात सोनोग्राफीचा नंबर अकरा दिवसांनी लागला. तेवढे दिवस तिने कळ काढली; दोन रात्री तर तो तिला घेऊन दाराशी बसून होता, असे त्याने नंतर सांगितले. पित्ताशयात खडे निघाले. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात सरकारी इस्पितळात झाली. कागद दाखविले आणि कार्ड चालले, एक पैसा पडला नाही. चौथ्या दिवशी घरी सोडताना तेथल्या नर्सने, आता दर तीन महिन्यांनी दाखवावयास या, असे सांगितले. तो उठता उठता आम्हांस म्हणाला, ‘अण्णा, त्या दाखवण्याला कार्ड चालंल का?’